डोळ्यातला बहुरूपी

सुगी संपली की आपल्याकडे गावोगाव बहुरूपी फिरू लागत. कोणी फौजदाराचे सोंग आणी, कोणी सावकाराचे, कोणी साधूचे. दारात उभा राहून तो अशा काही रुबाबाने हुकूम सोडी, की नवखा मनुष्य क्षणभर घाबरून जाई. जाणते मात्र हसत आणि त्याच्या झोळीत दाणे टाकीत. या बहुरूप्यापासून कोणाचे नुकसान होत नसे, कारण खेळ संपला की तो स्वतःच आपली ओळख देत असे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र असा एक बहुरूपी आहे, की जो आपण होऊन आपली ओळख कधीच देत नाही. तो डोळ्यात उतरतो, साध्या दाहाचे सोंग घेतो, आणि त्याचे खरे रूप कळेपर्यंत कित्येकदा रोग्याची दृष्टीच नव्हे तर प्राणही धोक्यात आलेला असतो. या रोगाला लिंफोमा म्हणतात. आपल्या शास्त्रीय परिभाषेत लसीकार्बुद असाही शब्द आहे. डोळ्यात होणाऱ्या लिंफोमाची ओळख पटविण्यासाठी माणसाने दीड शतकाहून अधिक काळ जी धडपड केली, तिची हकीकत येथे सांगावयाची आहे.

बहुरूप्याची ही उपमा केवळ माझ्या पदरची नव्हे. १९६७ साली थिओडोर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने डोळे येण्याचे सोंग घेणाऱ्या एका कर्करोगाला उद्देशून मुखवटा-नृत्याचा शब्द योजला. पुढे तोच शब्द डोळ्याच्या आतील लिंफोमाला चिकटला, आणि त्याला इतका शोभला की आता तो मुख्यतः त्याच्याच नावाने ओळखला जातो.

हे सोंग वठते कसे, हे समजण्यासाठी डोळ्याची घडण थोडी ध्यानात घ्यावी लागेल. डोळ्याच्या गोलकात बाहुलीच्या आणि भिंगाच्या मागे एक पोकळी असते. तीत सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी, असा स्वच्छ आणि चिकट पदार्थ भरलेला असतो. त्याला काचाभ द्रव म्हणतात. त्याच्या मागे जालपटल, म्हणजे ज्यावर चित्र उमटते तो पडदा. निरोगी डोळ्यात या द्रवात पेशी जवळजवळ नसतात. दाह झाला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे उतरतात, द्रव गढूळ होतो, आणि रोग्याला धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. डोळ्यापुढे ठिपके तरंगतात. लिंफोमातही नेमके हेच घडते. फरक इतकाच, की येथे उतरलेल्या पेशी रक्षणासाठी आलेल्या नसतात. त्या स्वतःच बंडखोर झालेल्या असतात. डोळा फारसा लाल होत नाही, फारसा दुखतही नाही. रोगी बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. त्याला वाटते वय झाले. वैद्याला वाटते युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या आवरणाचा दाह.

मग स्टिरॉइड दिले जाते, आणि येथे या बहुरूप्याची सर्वांत मोठी लबाडी दिसून येते. स्टिरॉइडने लसीका-पेशी मरतात, आणि काही बंडखोर पेशीही त्यांच्याबरोबर मरतात. द्रव निवळतो, रोग्याला बरे वाटते, वैद्याचे निदान खरे ठरल्यासारखे होते. काही आठवड्यांनी धुके पुन्हा येते. पुन्हा औषध, पुन्हा आराम, पुन्हा धुके. या फेऱ्यांत महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षेही जातात. हा केवळ दृष्टीचा प्रश्न असता तरी तो गंभीरच होता. परंतु डोळा आणि मेंदू यांचे नाते फार जवळचे आहे. जालपटल हा मुळात मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. ज्यांना डोळ्यात हा रोग होतो त्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मेंदूतही तो पुढेमागे आढळतो. म्हणजे डोळ्यातील चार थेंबांत लिहिलेला मजकूर वेळेवर वाचता आला, तर मेंदूवरच्या संकटाची सूचना आगाऊ मिळू शकते. या इतिहासातील प्रत्येक शोधाचे मोल या एका गोष्टीवरून ठरवावयाचे आहे.

या इतिहासाची पहिली पायरी म्हणजे १८५१ साल. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली, आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच दुसऱ्या माणसाला दिसू लागला. तोवर बाहुली म्हणजे एक काळे छिद्र होते. परंतु दिसणे आणि कळणे यांत अंतर आहे. नेत्रदर्शकातून गढूळपणा दिसे, जालपटलाखाली पिवळसर पांढुरके डाग दिसत. पण ते कशाचे, हे सांगण्यास हात लावून पाहावयास पाहिजे होते, आणि जिवंत डोळ्याच्या आत हात लावण्याची सोय नव्हती.

त्यामुळे पुढील शंभर वर्षे हा रोग बहुधा तेव्हाच कळे, जेव्हा कळून उपयोग नसे. दृष्टी गेलेला आणि दुखणारा डोळा काढून टाकल्यावर, किंवा रोग्याच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी दिसत. १९५१ साली कूपर आणि रायकर या अमेरिकन लेखकांनी डोळ्याच्या मधल्या आवरणातील अशा लिंफोमाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या काळी या रोगाचे प्रचलित नाव होते रेटिक्युलम पेशींचा सार्कोमा. या गाठी शरीरातील जाळीदार आधार-ऊतकाच्या पेशींपासून होतात, अशी समजूत त्या नावामागे होती. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या लेखातही तेच नाव आढळते. पुढे १९७०नंतरच्या दशकात प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाने सिद्ध केले की या पेशी आधार-ऊतकाच्या नव्हेत, त्या बहुतेक बी-लसीका-पेशी आहेत. म्हणजे प्रतिपिंडे तयार करणे हे ज्यांचे काम, त्या. रोगाचे नावच चुकीच्या घराण्यावर घातलेले होते. महसुली दप्तरात जमीन चुकीच्या खात्यावर चढली म्हणजे पुढचे सारे हुकूम चुकत जातात. रोगाच्या बाबतीतही तसेच होते. हा रोग कोणत्या कुळातला हे कळल्यावाचून त्याची खूण कोठे शोधावी हे कळणे शक्य नव्हते.

दुसरी पायरी १९७० सालची. रॉबर्ट माखेमर हे मूळचे जर्मन शल्यचिकित्सक अमेरिकेत मायामी येथे काम करीत होते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, जालपटलाला धक्का न लावता, एक बारीक यंत्र आत घालून काचाभ द्रव कापीत कापीत शोषून घेण्याची आणि त्याच वेळी दुसरा द्रव आत सोडून डोळ्याचा आकार राखण्याची रीत त्यांनी घालून दिली. तिला व्हिट्रेक्टमी म्हणतात. तिच्या मुळाशी रक्ताने गढूळ झालेले डोळे स्वच्छ करण्याचा हेतू होता; पण तिच्यामुळे एक दुसरीच वाट मोकळी झाली. डोळा न काढता डोळ्यातील पेशी हाती येऊ लागल्या. १९७५च्या सुमारास जिवंत रोग्याच्या काचाभ द्रवातील पेशी तपासून या लिंफोमाचे निदान केल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध होऊ लागले. आता तर हे यंत्र आत घालावयास अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र पुरते.

सूक्ष्मदर्शकाखाली ही बंडखोर पेशी ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ती नेहमीच्या लसीका-पेशीहून मोठी असते. तिचे केंद्रक वेडेवाकडे आणि पेशीची बहुतेक जागा व्यापणारे असते. त्यात ठळक केंद्रिका दिसतात. आजही ही पेशी डोळ्यांनी पाहणे हाच निदानाचा सर्वमान्य आधार समजला जातो. पण अडचणी फार. मिळणारा नमुना एक-दोन मिलिलिटरचा. त्यातल्या पेशी अगोदरच नाजूक. कित्येक मेलेल्या, कित्येक स्टिरॉइडने विरघळलेल्या. त्यांच्याभोवती रक्षणासाठी आलेल्या निरोगी पेशींची गर्दी. नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्यास उशीर झाला की उरलेल्याही फुटून जातात. चांगल्या तज्ज्ञालाही अशा काचपट्टीवर केवळ कचरा दिसे, आणि तो प्रामाणिकपणे लिही: निश्चित सांगता येत नाही. मग रोग्याला पुन्हा तोच फेरा.

येथे या इतिहासाला वळण लागते. तोपर्यंत विचारला जाणारा प्रश्न असा होता: ही पेशी दिसते कशी? यापुढे प्रश्न बदलला: या पेशी एकाच आईच्या आहेत काय?

हा बदल समजण्यासाठी आपल्याच देशातील एक प्रसंग आठवावा. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून एका करारावर सहीऐवजी हाताचा ठसा घेतला. त्यातून पुढे त्याचा ठशांचा अभ्यास सुरू झाला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय निघाले, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात मोठा वाटा उचलला. माणसाचा चेहरा बदलतो, पोशाख बदलतो, नावही बदलता येते. बोटावरील रेषा बदलत नाहीत. लसीका-पेशीलाही असा एखादा ठसा आहे काय? असला, तर सोंग कितीही हुबेहूब असो, ओळख पटलीच पाहिजे.

असा ठसा आहे, हे सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाच्या कामातून कळले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे काम करीत असता त्यांनी आणि होझुमी यांनी १९७६ साली एक गोष्ट दाखवून दिली. उंदराच्या गर्भातील डी.एन.ए. आणि प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशीतील डी.एन.ए. यांची त्यांनी तुलना केली. शरीरातील सर्व पेशींत एकच आणि तेच आनुवंशिक लेखन असते, असा तोवरचा सिद्धान्त. परंतु प्रतिपिंडाचे जनुक या दोन ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने मांडलेले आढळले. लसीका-पेशी वयात येताना आपल्या जनुकाचे तुकडे कापते आणि निराळ्या क्रमाने जोडते. माणसात प्रतिपिंडाच्या जड साखळीचे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे. तेथे एका प्रकारचे उपयुक्त तुकडे चाळीसच्या आसपास, दुसऱ्या प्रकारचे वीसहून अधिक, आणि तिसऱ्या प्रकारचे सहा असतात. प्रत्येकातील एकेक निवडून पेशी त्यांची जुळणी करते. नुसत्या निवडीनेच काही हजार जोड्या होतात. त्यात सांध्यावर अक्षरे कमी-अधिक होतात, त्यामुळे प्रकारांची संख्या कोट्यवधींवर जाते. हा झाला प्रत्येक लसीका-पेशीचा स्वतःचा ठसा. या शोधाबद्दल टोनेगावांना १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता युक्तिवाद सरळ आहे. दाहामुळे जमलेल्या पेशी म्हणजे जत्रेची गर्दी: शंभर गावांची माणसे, शंभर प्रकारचे ठसे. लिंफोमा म्हणजे एकाच बंडखोर पेशीची प्रजा: हजारो पेशी, पण ठसा एकच. मग त्या पेशी दाहाचे सोंग कितीही घेवोत. १९८३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील कोर्समायर, वाल्डमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ठसा माणसातील लसीका-अर्बुदांची एककुलीनता ओळखण्यास वापरता येतो, असे दाखविले.

परंतु डोळ्याच्या बाबतीत एक क्रूर हिशेब आड आला. ठसा वाचण्याची तेव्हाची रीत १९७५ साली एडिनबरो येथील एडविन सदर्न यांनी शोधलेली होती. तिला सामान्यतः दहा मायक्रोग्रॅम डी.एन.ए. लागे. माणसाच्या एका पेशीत डी.एन.ए. असते सुमारे साडेसहा पिकोग्रॅम. भागाकार केला तर सुमारे पंधरा लाख पेशी पाहिजेत. मानेतील किंवा काखेतील गाठ कापून आणली तर इतक्या पेशी सहज मिळतात. डोळ्यातून मिळणार काही शे, फार तर काही हजार. शास्त्र उपलब्ध होते, पण ज्या अवयवाला त्याची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते.

ही अडचण दूर झाली ती एका अगदी वेगळ्या दिशेने. १९८३ साली कॅलिफोर्नियातील सीटस या कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिस यांना डी.एन.ए.च्या हव्या त्या तुकड्याच्या नकला दुपटीच्या हिशेबाने वाढविण्याची कल्पना सुचली. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार; आणि पट संपायच्या आत राजाची कोठारे रिकामी. हीच युक्ती येथे आहे. दहा फेऱ्यांत एकाचे हजार, वीस फेऱ्यांत दहा लाखांहून अधिक, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. या रीतीला पी.सी.आर. म्हणतात. पण प्रत्येक फेरीत मिश्रण जवळजवळ उकळत्या पाण्याइतके तापवावे लागे, आणि नकला करणारे विकर त्या उष्णतेने मरून जाई. दर फेरीला ते नव्याने घालावे लागे. त्यावर उपाय सापडला अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत. टॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तेथे एक जीवाणू शोधून १९६९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तो सत्तर अंशांच्या पाण्यात सुखाने राहतो. त्याचे विकर पुढे या कामी आले आणि रीत सर्वत्र पसरली. मुलिस यांना १९९३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ब्रॉक यांच्या मनात डोळ्याचा विचार असण्याचे कारणच नव्हते. कढत पाण्यात जीव राहतो कसा, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. निरुद्योगी वाटणारी जिज्ञासा कोठे उपयोगी पडेल याचा अंदाज कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येत नाही, हे सरकारी नोकरीतल्या माणसाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता एका पेशीतील ठसाही वाढवून वाचता येऊ लागला. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय नेत्रसंस्थेत डॉ. ची-चाओ चान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र डोळ्याच्या लिंफोमासाठी चिकाटीने बसविले. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवरील संशयित पेशी तेवढ्या वेचून घ्यावयाच्या, आणि त्यांचाच ठसा पी.सी.आर.ने वाढवावयाचा, ही त्यांची पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली. जत्रेतील सर्वांचे ठसे घेण्याऐवजी संशयितांचेच घ्यावेत, हे पोलिसांचे शहाणपण येथेही उपयोगी पडले. २००३ साली युरोपातील अनेक प्रयोगशाळांनी मिळून या तपासणीची एकसारखी रीत ठरवून दिली, त्यामुळे एका गावचा निकाल दुसऱ्या गावी ताडून पाहणे शक्य झाले.

त्याच सुमारास बेथेस्डालाच आणखी एक पुरावा हाती आला होता. बंडखोर बी-पेशी इंटरल्यूकिन-१० नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात. खऱ्या दाहात इंटरल्यूकिन-६ अधिक असते. १९९५ ते १९९७ या काळात तेथील संशोधकांनी दाखविले की काचाभ द्रवात पहिले दुसऱ्याहून अधिक असेल तर लिंफोमाचा संशय बळकट होतो. पेशी फुटून गेल्या तरी त्यांनी सोडलेले प्रथिन द्रवात राहते. चोर पळाला तरी चुलीवरची राख ऊबदार असावी, तसे हे आहे. न्यायालयाच्या भाषेत हा परिस्थितिजन्य पुरावा.

परंतु ठशाचा पुरावा तरी निर्विवाद होता काय? नव्हता, आणि हे मान्य करण्यातच या शास्त्राचा मोठेपणा आहे. द्रवात पेशी फारच थोड्या असतील, तर त्यांतील चार-दोन निरोगी पेशींचाच ठसा वाढून एकच घराणे असल्याचा खोटा भास होतो. जत्रेतून दोनच माणसे उचलून सर्व जत्रा एकाच कुळाची आहे असे म्हणण्यासारखे ते होईल. म्हणून तपासणी दोनदा करावी आणि दोन्ही वेळा तोच ठसा आला तरच विश्वास ठेवावा, असा दंडक पडला. उलट दिशेचीही चूक होते. या पेशी आपल्या प्रतिपिंड-जनुकातील अक्षरे सतत बदलीत असतात. त्यामुळे नक्कल सुरू करण्याची जागाच हरवते आणि लिंफोमा असूनही ठसा उमटत नाही.

म्हणून प्रश्न तिसऱ्यांदा बदलला. पेशी दिसते कशी, हा पहिला. तिचे घराणे कोणते, हा दुसरा. आणि आता तिसरा: तिला बंडखोर करणारे अक्षर कोणते?

२०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी आक्रमक बी-पेशी-लिंफोमाच्या एका प्रकारात मायडी-८८ नावाच्या जनुकातील एक विशिष्ट बदल शोधून काढला. हे जनुक ज्या प्रथिनाची आज्ञा देते, ते जंतूंची चाहूल लागली की पेशीला जागे करणारे प्रथिन आहे. त्यातील दोनशे पासष्टाव्या जागी ल्यूसीन हे अॅमिनो आम्ल असावयास पाहिजे. तेथे प्रोलीन येते. डी.एन.ए.च्या लिपीत म्हणाल तर एका अक्षराचा फरक, टी च्या जागी सी. पण त्याचा परिणाम असा, की जंतू नसतानाही धोक्याची घंटा वाजतच राहते, पेशी मरत नाही आणि वाढतच जाते. एका काना-मात्रेने अर्थ फिरतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको. येथे त्या मात्रेवर माणसाचे आयुष्य अवलंबून आहे.

हा बदल डोळ्यातील लिंफोमात विशेष वारंवार आढळतो. २०१५ साली जर्मनीतील ट्युबिंगन येथील संशोधकांनी तपासलेल्या नमुन्यांत मायडी-८८चे बदल सुमारे दोन-तृतीयांश रोग्यांत सापडले. साध्या दाहात हा बदल असण्याचे कारण नाही. म्हणून तो सापडला तर संशय फार बळकट होतो. मात्र तो सापडला नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. २०१८ साली नेदरलंड्समधून आणखी एक वृत्त आले. डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यासारख्या द्रवाचा सुमारे एक-दशांश मिलिलिटर बारीक सुईने घ्यावयाचा, त्याचे हजारो सूक्ष्म थेंब करून प्रत्येक थेंबात स्वतंत्र पी.सी.आर. करावयाची, आणि त्यात हे एक अक्षर शोधावयाचे. काही रोग्यांत तरी मोठी शस्त्रक्रिया न करता संशय पडताळून पाहण्याचा हा मार्ग दिसू लागला आहे. या साऱ्या ज्ञानाचा परिणाम रोगाच्या नावावरही झाला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदू, काचाभ द्रव व जालपटल, आणि अंडकोश यांतील अशा लिंफोमांना एका कुटुंबात घालण्यात आले. कारण हे तिन्ही अवयव शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पहाऱ्यापासून काहीसे अलग आहेत. एके काळी चुकीच्या खात्यावर असलेली नोंद अशी अखेर दुरुस्त झाली.

हा इतिहास आपल्या देशात येतो तेव्हा त्याला एक वेगळे वळण मिळते. भारतात डोळ्यातील दाहामागे क्षयाचा संशय घ्यावा लागतो, आणि तो रास्त असतो. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २००० साली ईल्स रोग झालेल्या रोग्यांच्या जालपटलावरील पापुद्र्यांत क्षयाच्या जंतूंचे डी.एन.ए. पी.सी.आर.ने शोधून दाखविले. म्हणजे जी युक्ती बंडखोर पेशीचा ठसा वाचते, तीच जंतूचाही वाचते. परंतु म्हणूनच आपल्याकडे दुहेरी सावधगिरी हवी. क्षय समजून महिनोन्महिने औषधे द्यावीत आणि आत लिंफोमा असावा, हे जितके घातक, तितकेच क्षयाच्या रोग्याला कर्करोगी ठरविणेही घातक. जंतूचा अंश सापडला म्हणजे रोग त्याचाच, असेही नव्हे. वाटसरूचे पाऊल अंगणात उमटले म्हणून चोरी त्यानेच केली असे कोणी म्हणत नाही.

ही सावधगिरी बाळगणे एवढ्यासाठी शक्य झाले आहे, की आज निदान झाल्यावर करण्यासारखे काहीतरी आहे. डोळ्यात मेथोट्रेक्सेटची सूक्ष्म मात्रा टोचणे, रितुक्सिमॅब हे प्रतिपिंड देणे, मेंदूच्या रक्षणासाठी शिरेतून औषधे देणे, असे मार्ग आहेत. ते सर्वांना वाचवीत नाहीत; रोग अजूनही कठीणच आहे. पण कळून उपयोग नाही अशी जी १९५१ सालची स्थिती होती, ती आता राहिली नाही.

या हकीकतीत सूक्ष्मदर्शक रद्द झाला, ठसा आला, मग ठसाही रद्द होऊन अक्षर आले, असा क्रम नाही. चांगल्या न्यायाधीशापुढे जसा प्रत्यक्ष साक्षीदार, ठशाचा तज्ज्ञ आणि परिस्थितिजन्य पुरावा असे सारे उभे राहतात आणि निकाल त्यांच्या मेळावर ठरतो, तसेच येथे आहे. पेशीचे रूप, घराण्याचा ठसा, प्रथिनांचे प्रमाण, जनुकातील अक्षर आणि मेंदूचे छायाचित्र, यांतील एकटे कोणतेही पुरेसे नाही. आणि या सर्वांच्या अगोदर एक गोष्ट लागते, जिच्यासाठी कोणतेच यंत्र निघालेले नाही. औषधाने बरे वाटून पुन्हा पुन्हा उलटणारे धुके पाहून कोणा तरी वैद्याच्या मनात शंका यावी लागते. ती शंका एखाद्या जिल्ह्याच्या गावी आली, तर तेथील नमुना थंड डब्यात ठेवून वेळेवर मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत नेणारा माणूस आणि गाडीही असावी लागते. बेथेस्डाच्या विद्वत्तेइतकेच त्या गाडीचे वेळापत्रकही रोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आणि ते पाळणे शास्त्रज्ञांच्या नव्हे, तुमच्या-आमच्या हातांत आहे.